नगर की बीड? नवोदयच्या ८० जागांचं खरं गणित

मागच्या महिन्यात जामखेडहून ताईचा फोन आला. "अरे, मनूला पाचवीसाठी आष्टीच्या शाळेत टाकू का? तिकडून नवोदयला नंबर लवकर लागतो म्हणे. तिची आत्या आहेच तिथे." मनू म्हणजे माझी भाची. चौथीत आहे, गणितात एकदम तेज. आणि हे 'म्हणे' कुठून आलं होतं? अर्थातच व्हॉट्सॲपच्या पालक ग्रुपवरून!

मी आधी हसलो. मग फोनवरच आकडे काढून बसलो, तर लक्षात आलं की ग्रुपवरचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं.

जामखेड आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, तर शेजारचा आष्टी तालुका बीडमध्ये. तिकडच्या लोकांचा बाजार, दवाखाना, कॉलेज बऱ्याचदा नगरलाच असतं. २०२२ पासून नगर-आष्टी रेल्वेही सुरू झाली. पण नवोदयला अर्ज भरताना जिल्ह्याची हद्द एकदम भिंत होते.

नवोदय विद्यालय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, सहावी ते बारावी, राहणं-खाणं-शिक्षण मोफत. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून ही योजना आली. आपल्या जिल्ह्याचं नवोदय पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला, बीडचं गेवराईजवळ गढीला, पुण्याचं शिक्रापूरला. सहावीत प्रत्येक नवोदयमध्ये जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. जिल्हा केवढाही असो, आकडा तोच. खरी मेख इथेच आहे.

२०११ च्या जनगणनेत नगर जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार होती, बीडची २५ लाख ८५ हजार, पुण्याची ९४ लाख २९ हजार. हे बघून वाटतं, पुण्याच्या पोरांचं तर काही खरं नाही. पण थांबा. ८० पैकी किमान ७५ टक्के, म्हणजे ६० जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. मग ग्रामीण लोकसंख्याच धरायला हवी. ती नगरची साधारण ३६ लाख, पुण्याची जवळपास ३७ लाख. म्हणजे पारनेरची पोरगी आणि शेजारच्या शिरूरची पोरगी, दोघी जवळजवळ सारख्याच गर्दीत उभ्या आहेत. बीडची ग्रामीण लोकसंख्या मात्र २१ लाखांच्या आत. ६० जागांवर वाटून बघा: नगरमध्ये एका जागेमागे साधारण ६० हजार लोक, बीडमध्ये साडेचौतीस हजार. पावणेदोन पट फरक! (लोकसंख्या म्हणजे अर्जांची संख्या नाही, हे कबूल. क्लासवाल्यांनी एखाद्या तालुक्यात जोर लावला की अर्ज वाढतातच. पण अंदाजाला एवढं पुरे.)

मग ताईचा प्लॅन बरोबर होता का? नाही. पाचवी ज्या जिल्ह्यात शिकतो त्याच जिल्ह्यातून अर्ज करायचा, आणि मूल त्याच जिल्ह्याचं रहिवासी असायला हवं. शिवाय ग्रामीण कोट्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी अशी तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. आत्याच्या पत्त्यावर दाखला काढायचा जुगाड कागदपत्रं तपासताना उघडा पडला, तर हातातली जागा जाते. आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, दुसरा चान्स नाही.

हद्दीचा हा खेळ प्रत्येक योजनेत नसतो. आठवीची एनएमएमएस शिष्यवृत्ती घ्या. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. त्यासाठी सरकारी किंवा अनुदानित शाळेत शिकत असावं आणि पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं. तिथेही जिल्ह्याचा कोटा आहे, पण तो मुलांच्या संख्येच्या प्रमाणात ठरतो. मोठ्या जिल्ह्याला जास्त, छोट्याला कमी. नवोदयलाही असंच का नको, हा प्रश्न मला पडतो. विस्ताराने राज्यात सर्वात मोठा असलेल्या १४ तालुक्यांच्या जिल्ह्याला एकच नवोदय, आणि तेही जामखेडपासून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

"कोणता जिल्हा भारी" हे सांगणारी केंद्राची ६०० गुणांची जिल्हा श्रेणी, म्हणजे पीजीआय-डी, आहे. त्यात डिजिटल लर्निंगला ५० गुण आहेत. पण ती जिल्ह्याची सरासरी. मनूच्या शाळेत विज्ञानाचा शिक्षक आहे का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी यूडायस प्लसच्या 'नो युवर स्कूल' पानावर जा. शाळेचा ११ अंकी कोड टाकला की शिक्षक, कॉम्प्युटर, इंटरनेट, लॅब सगळं दिसतं. पहिले चार अंक बघितले तरी जिल्हा कळतो: २७२५ पुणे, २७२६ नगर, २७२७ बीड. नावाने शोधणार असाल तर अहमदनगर आणि अहिल्यानगर, दोन्ही करून बघा. नाव अधिकृतपणे ऑक्टोबर २०२४ मध्ये बदललं. आणि ही माहिती शाळाच भरते, त्यामुळे स्क्रीनवर 'लॅब: आहे' दिसलं तरी एकदा जाऊन कुलूप उघडं आहे का बघून या.

मनू जामखेडलाच राहतेय. ८० प्रश्न, १०० गुण, २ तास. त्यातले निम्मे प्रश्न बुद्धिमत्तेचे, त्यामुळे सध्या आकृत्यांचा सराव चालू आहे. ताईने काल पुन्हा विचारलं, "नाहीच लागला नंबर, तर नववीला बीडमधून?" नववीच्या रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते खरी. पण आठवी त्याच जिल्ह्यात झालेली लागते, ताई.