पेला आणला, नियम कुठे?

“फादर, बियर म्हणजे काही दारू नव्हे. आपल्याच मठवासी संन्याशांनी जगाला दिलेली ती देणगी आहे!” असे म्हणत आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने गावाजवळ नुकत्याच सुरू झालेल्या बियरच्या छोट्या कारखान्यात येण्याचे मला निमंत्रण दिले. न पाहता निंदा करणे अन्यायाचे, म्हणून एका दुपारी मी गेलो.

काचेआड पोलादी टाक्या झळकत होत्या. मोड आणून वाळवलेले जव, हॉप्सची कडू फुले, यीस्ट आणि पाणी यांची किमया तेथील कारागिराने आस्थेने समजावून सांगितली. मग तीन चिमुकले पेले समोर आले. गव्हाच्या बियरला केळ्याचा आणि लवंगेचा गंध होता. त्यात फळही नसते आणि मसालाही नसतो, ती सारी यीस्टची करणी. दुसरी हॉप्समुळे कडसर होती. तिसरी, करपेपर्यंत भाजलेल्या जवाची, कॉफीसारखी काळी. मी तिन्हींचा घोट घेतला. चव उत्तम होती, हे कबूल करतो. हातचे कसब हेही परमेश्वराचेच दान आहे.

माझे भांडण आहे ते तेथील भिंतीवरच्या चित्राशी. झगा घातलेला, गुबगुबीत गालांचा एक संन्यासी फेसाळता मग उंचावून हसत होता. जणू पिणाऱ्याला पापक्षमाच देत होता!

मठांत बियर बनत आली, हे खरे. बेल्जियममधील वेस्टमॅले येथील ट्रॅपिस्ट मठात ती १८३६ पासून बनते. बियरला आशीर्वाद देण्याची प्रार्थनाही ख्रिस्तसभेच्या जुन्या विधिग्रंथात आहे. परंतु अर्धे सत्य सांगून भागत नाही. हे संन्यासी ज्या संत बेनेडिक्टच्या नियमाने जगतात, त्याच्या ४० व्या प्रकरणात द्राक्षारसाचे दिवसाचे माप ठरवून दिले आहे, तेही काहीशा नाइलाजाने. ‘ट्रॅपिस्ट’ बोधचिन्ह लावायचे तर बियर मठाच्या परिसरात, संन्याशांच्या देखरेखीखाली बनावी लागते. मिळकतीतून मठाचा निर्वाह होतो व उरलेले धर्मादायास जाते. आम्ही त्यांचा पेला तेवढा उचलून आणला. माप, प्रार्थना आणि दानधर्म मात्र मठातच ठेवून आलो!

‘बियर म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य तर गणितातच नापास होते. पाच टक्के मद्यार्काच्या ५०० मि.लि. बियरमध्ये २५ मि.लि. मद्यार्क असतो. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मि.लि. पेगमध्ये तो सुमारे २६ मि.लि. असतो. म्हणजे एक मोठा मग आणि एक ‘लार्ज’ पेग जवळजवळ सारखेच. फेस आला म्हणून हिशेब बदलत नाही.

वाद केवळ शब्दांचा असता, तर मी लेखणी उचलली नसती. यंदा धर्मग्रामाच्या सणाला मंडपात बियरचा स्टॉल लावावा आणि त्याच्या भाड्यातून सभागृहाचे छप्पर दुरुस्त करावे, अशी सूचना पुढे आली आहे. मी तिला स्पष्ट नकार दिला आहे. त्याच मंडपात, एकेक दिवस मोजत व्यसनातून बाहेर पडणारा एखादा बाप बसलेला असेल. शेजारी त्याची पत्नी, हातात रोजरी धरून. आपल्या वागण्याने भाऊ अडखळत असेल, तर मांस आणि द्राक्षारस वर्ज्य करावा, असे संत पौल रोमकरांस लिहितो. त्या बापाला अडखळवून मिळणाऱ्या पैशाचे छप्पर मला नको. त्यापेक्षा गळके बरे.

“मग काना गावच्या लग्नाचे काय?” हा प्रश्न ठरलेलाच. त्या लग्नात यजमानाची लाज जाणार होती, आणि प्रभूने ती राखली. आमच्याकडे पाहुण्यांना पाजता यावे म्हणून वधूपिता कर्ज काढतो, आणि साक्षीला कानाचे नाव घेतो! प्रभूच्या दयेचे याहून मोठे विडंबन कोणते?

मी दारूबंदीचा प्रचारक नाही. ज्याला प्यायची आहे, त्याने कायदा, माप आणि घरची माणसे ध्यानात ठेवून प्यावी. फक्त आपल्या तहानेला संन्याशाचा झगा चढवू नये. आणि तो चढवायचाच असेल, तर त्यासोबत त्याचा नियमही पाळावा.