गोल शिक्का म्हणजे मालकी नव्हे

कुरखेड्यास कामानिमित्त आलेला आमचा शेतकरी वा कारागीर बंधु पुष्कळदां एकच हुकूम ऐकून परततो: “नोटरी करून आणा.” कां, कोणत्या कायद्यानें, हें विचारण्याची त्यास छाती होत नाहीं. तो मुकाट्यानें पैसे मोजतो, शिक्का उमटला कीं काम पक्कें झालें असें समजतो. या समजुतीनें किती घरें बुडतात हें आज सांगणें भाग आहे.

गेल्या पावसाळ्यांत एक गृहस्थ मुद्रांकाचा कागद वाचून घेण्यास आमच्याकडे आले. बैलजोडी विकून त्यांनीं एक एकर धानाची बांधी घेतली होती. कागदावर सह्या, साक्षीदार, फोटो आणि नोटरीचा लाल शिक्का. सर्व कांहीं होतें. “गुरुजी, मग सातबाऱ्यावर माझें नांव कां चढत नाहीं?” दादा, हें खरेदीखत नव्हे, असें सांगतांना आमची जीभ अडखळली. विकणारा वारला आहे, आणि त्याचे मुलगे आतां आजचा भाव मागत आहेत.

बंधूंनो, नोटरी म्हणजे १९५२ च्या कायद्यान्वयें सरकारनें नेमलेला साक्षी. समोर कोण आला, त्यानें सही वा शपथ केली, एवढ्याचीच तो ग्वाही देतो. जमीन कोणाची हें तो ठरवीत नाहीं. शंभर रुपये वा त्याहून अधिक किंमतीच्या जमिनीची विक्री १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें दुय्यम निबंधकाकडे नोंदल्यावांचून पुरी होत नाहीं. जमीन आदिवासी बंधूची असल्यास महसूल संहितेच्या ३६-अ कलमानें सरकारी परवानगीवांचून ती बिगर-आदिवासीस विकतांच येत नाहीं. मग शिक्के दहा मारा!

तर नोटरी लागतो कोठें? न्यायालयांत शपथपत्र देतांना, किंवा कायद्यानेंच शपथपत्र मागितलें असतां. लागत नाहीं तेथेंही आपण पैसे भरतों. दाखल्यांच्या अर्जास साधारणपणें स्वयंघोषणापत्र व नकलांवर स्वतःची सही पुरे, असें महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालींच ठरविलें आहे. मृत्युपत्रास दोन साक्षीदार हवेत, नोटरी नको. वनहक्काच्या दाव्यांत गांवच्या वृद्धांचा लेखी जबाब हा २००८ च्या नियमांनीं पुरावा मानला आहे. अमुकच कागद आणा असा हट्ट उपविभागीय व जिल्हा समित्यांनीं धरूं नये, असें २०१२ च्या दुरुस्तीनें स्पष्ट केलें. आमच्या जंगलपट्टींत हें प्रत्येक ग्रामसभेनें ध्यानांत ठेवावें.

कागदानें शेतकरी बुडण्याची ही गोष्ट नवी नाहीं. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे जाळले. कारण वाचतां न येणाऱ्या कागदावर त्यांचे अंगठे होते. पुढें १८७९ च्या कायद्यानें पुणें, सातारा, नगर व सोलापूर जिल्ह्यांत शेतकऱ्याचा दस्तऐवज ग्राम-निबंधकाच्या देखरेखीखालीं लिहिला जावा असें ठरलें. अविद्येनें शेतकऱ्याची काय दशा होते हें जोतीरावांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून १८८३ सालीं दाखविलें. आज आमचीं मुलें शाळा शिकलीं, अंगठा जाऊन सही आली. पण न वाचतां सही करण्याची जुनी खोड अजून गेली नाहीं.

करितां आमची विनंती एवढीच. कोणी नोटरी मागितला तर “कोणत्या नियमानें?” असें नम्रपणें विचारा, आणि उत्तर लेखी मागा. जमिनीचे पैसे देण्यापूर्वीं सातबारा पाहा, व खरेदीखत निबंधकासमोर नोंदवूनच पुरी रक्कम द्या. घरांत शिकलेला मुलगा वा मुलगी असेल तर प्रत्येक कागद तिच्याकडून वा त्याच्याकडून मोठ्यानें वाचवून घ्या. कोणी नसेल तर शाळेंत या. कागद वाचून दाखविण्यास आम्हीं आजवर कोणास नाहीं म्हटलें नाहीं.