केकमध्ये बिअर घालताय? मग पाहुण्यांना सांगा!

म्हैसूर म्हटले की आठवतो तुपाने थबथबलेला म्हैसूरपाक. पण याच शहरात, राजकन्येसाठी बांधलेल्या चेलुवांबा महालात, १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. म्हशीच्या दुधापासून तान्ह्या बाळांसाठी भुकटी करण्याची पद्धत इथलीच. पाव, बिस्किटे, केक यांच्यासाठी इथे वेगळा विभागही आहे. तेव्हा म्हैसूरच्या एखाद्या मराठी घरातल्या सुनेने नाताळात चॉकलेटचे कपकेक करायला घेतले आणि त्यात बिअर ओतली, तर सासूबाईंखेरीज कोणी दचकायचे कारण नाही.

केकमध्ये मद्य घालण्याची रीत या बाजूला जुनीच आहे. घाट उतरून मलबारच्या किनाऱ्याला गेले की तलश्शेरी लागते. १८८३ साली दालचिनीच्या मळ्याचे मालक मर्डोक ब्राउन यांनी तिथल्या मांबल्ली बापूंना विलायतेहून आणलेला केक चाखवला आणि अगदी तसाच करायला सांगितले. त्यासाठी माहेहून फ्रेंच ब्रँडी आणा, असेही सुचवले. बापूंनी मात्र काजूची बोंडे आणि केळी यांची गावठी दारू वापरली. साहेब इतका खूश झाला की त्याने आणखी डझनभर केक मागवले, असे सांगतात.

कपकेकसाठी साधी पिवळी बिअर फुकट जाते. भाजलेल्या बार्लीची काळी बिअर, म्हणजे स्टाउट, हवी. तिचा कडवट, कॉफीसारखा स्वाद कोकोशी छान जुळतो. बिअरच्या बुडबुड्यांनी केक फुगतो, हा समज सोडून द्यावा. गरम करताच ते उडून जातात. फुगवतो तो सोडा आणि त्याला जागे करते बिअर, दही व कोको यांतली आंबट चव.

बारा कपकेकसाठी १२० मिलिलिटर बिअर फेस बसल्यावर मोजावी. ती ११५ ग्रॅम लोण्याबरोबर मंद आचेवर गरम करून त्यात ३५ ग्रॅम कोको घोटावा आणि कोमट होऊ द्यावे. एक अंडे आणि ८० ग्रॅम घट्ट दही फेटून त्यात मिसळावे. मग १२५ ग्रॅम मैदा, १७५ ग्रॅम साखर, पाऊण चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून हलकेच कालवावे. फार घोटले तर केक चिवट होतो. कागदी कप दोनतृतीयांश भरून १७५ अंशांवर १७ ते २० मिनिटे भाजावेत. पूर्ण गार झाल्यावर वर ५० ग्रॅम लोणी, १५० ग्रॅम पिठीसाखर आणि ३० मिलिलिटर मलईदार आयरिश लिकर यांचे क्रीम लावावे.

"भट्टीत दारू उडूनच जाते," असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार मिश्रणात मिसळलेल्या मद्यापैकी १५ मिनिटे शिजल्यावर सुमारे ४० टक्के उरते, अर्ध्या तासाने ३५ टक्के आणि अडीच तासांनीही ५ टक्के. आता हिशेब करू. ५ टक्क्यांच्या १२० मिलिलिटर बिअरमध्ये ६ मिलिलिटर मद्यार्क. भाजल्यावर त्यातला सुमारे अडीच मिलिलिटर राहिला. १७ टक्क्यांच्या ३० मिलिलिटर लिकरमध्ये ५ मिलिलिटर, आणि क्रीमला आच लागतच नाही. म्हणजे ज्या बिअरच्या नावाने सगळे कुजबुजतात तिच्यापेक्षा वरच्या गोंडस क्रीममध्येच दुप्पट दारू!

बारा जणांत वाटल्यावर हे प्रमाण अगदी थोडे असते, हे खरे. पण ते खावे की नाही हे खाणाऱ्याने ठरवायचे, खाऊ घालणारीने नव्हे. शेजारच्या मुसलमान कुटुंबाला, गरोदर भाचीला किंवा कष्टाने दारू सोडलेल्या मामांना "चॉकलेटचाच आहे हो" म्हणून तो देणे बरे नाही. मामा त्यासाठी डायसल्फिरामच्या गोळ्या घेत असतील तर थोड्याशा मद्यानेही मळमळ, छातीत धडधड होऊ शकते. मुलांच्या वाढदिवशी तर हा प्रकार करूच नये.

त्यांच्यासाठी उपाय म्हैसूरच्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. बिअरऐवजी तितकेच फिल्टर कॉफीचे दाट डिकॉक्शन घालावे. कोडगू आणि चिकमगळूरची कॉफी तर हाताशीच. मात्र चिकोरी बेताची असावी, नाहीतर कडूपणा वाढतो. क्रीममध्येही लिकरच्या जागी एक मोठा चमचा डिकॉक्शन आणि गरज वाटल्यास थोडी साय. दोन्ही घाणे एकाच दिवशी काढायचे असतील, तर कागदी कप वेगवेगळ्या रंगांचे घ्यावेत.