मूलपेशी उपचार : जमीन विकण्यापूर्वी हे वाचा

गेल्या महिन्यात आमच्याच तालुक्यातील एक शेतकरी दवाखान्यात आले. त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडला, पाठीचा मणका मोडला आणि कमरेखालची शक्ती गेली. खिशातून एक रंगीत पत्रक काढून ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, स्टेम सेलची तीन इंजेक्शनं दिली की पोरगं उभं राहतं म्हणतात. आठ लाख सांगितलेत. दोन एकर काढायची म्हणतोय. तुमचं काय मत?"

बापाच्या आशेवर एकदम पाणी ओतणे मला जमत नाही. मी त्यांना बसवून घेतले आणि तासभर बोललो. त्याच आठवड्यात एका गरोदर सुनेचे सासरे नाळेतले रक्त साठवून ठेवण्याचा फॉर्म घेऊन आले. तेव्हा वाटले, हा विषय या सदरात मांडायलाच हवा.

प्रथम मूलपेशी म्हणजे काय ते पाहू. आपल्या शरीरातील बहुतेक पेशींची कामे ठरलेली असतात. मूलपेशी मात्र बियाण्यासारखी असते. ती स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करते आणि तिच्यापासून वेगळ्या कामाच्या पेशीही तयार होतात. रक्तातील तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. तरीही आपले रक्त संपत नाही, कारण अस्थिमज्जेतील मूलपेशी रोज नवे रक्त तयार करीत असतात.

याचा उपयोग वैद्यकशास्त्राने केव्हाच करून घेतला आहे. रक्ताच्या कर्करोगावर अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले जाते, तो मूलपेशींचाच उपचार. भारतात ते प्रथम 1983 मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात झाले. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. सख्ख्या भावाची वा बहिणीची मज्जा जुळली तर अशी मुले या चक्रातून कायमची सुटू शकतात. अर्थात एका भावंडाची पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक एवढीच असते.

दुसरे उदाहरण डोळ्यांचे. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब लहान मुलाने दाबावी आणि चुना डोळ्यात उडावा, असे अपघात आपल्याकडे काही कमी होत नाहीत. त्याने बुबुळाच्या कडेच्या मूलपेशी जळतात आणि डोळा पांढरा पडतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत 2001 पासून चांगल्या डोळ्यातील मूलपेशींचा छोटासा तुकडा घेऊन अशा डोळ्यांवर उपचार होत आहेत आणि अनेकांना दृष्टी परत मिळाली आहे. म्हणजे मूलपेशी हे थोतांड नव्हे.

मग नीतीचा वाद कशाचा? 1998 मध्ये अमेरिकेतील जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या केल्या. या पेशी शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी तयार करू शकतात. परंतु त्या काढताना पाच-सहा दिवसांचा भ्रूण नष्ट होतो. हा जीव की नुसता पेशींचा गोळा, यावर जगभर वाद झाला. माझे मत विचाराल तर वंध्यत्वाच्या उपचारात उरलेला आणि एरवी टाकूनच दिला जाणारा भ्रूण, दांपत्याच्या लेखी संमतीने आणि एक पैसाही न घेता, संशोधनाला देण्यात पाप नाही. मात्र बीजांडांचा बाजार मांडणे किंवा गरीब बाईला पैशाचे आमिष दाखवणे हे पापच. आपल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मानवी भ्रूण प्रयोगशाळेत चौदा दिवसांपलीकडे वाढवण्यास मनाई केली आहे, तेही योग्यच आहे.

सुदैवाने 2006 मध्ये जपानचे शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेच्या पेशींना पुन्हा मूलपेशींसारखे बनवून दाखवले. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींवरही ते साधले आणि 2012 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे भ्रूणाचा वाद बराच सौम्य झाला आहे.

आपल्या गावातला नीतीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. जे अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे, ते उपचार म्हणून विकावे काय? आयुर्विज्ञान परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक विकारांतील प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करावा, आणि अशा चाचणीत रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. अमेरिकेत 2015 मध्ये एका दवाखान्याने तीन वृद्ध स्त्रियांच्या डोळ्यांत पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या. तिघींची दृष्टी गेली. तेव्हा 'गुण आला नाही तरी अपाय तर नाही' हा समजही खोटा आहे.

मणक्याच्या इजेबाबत आशा आहे, हे मी त्या शेतकऱ्यांपासून लपवले नाही. जपानच्या केइओ विद्यापीठाने मार्च 2025 मध्ये चार रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष जाहीर केले. दोघांच्या हालचालीत सुधारणा झाली, त्यांपैकी एक जण उभा राहू लागला. पण या पेशी इजेनंतर चार आठवड्यांच्या आत दिल्या होत्या, आणि चार रुग्णांवरून उपचार सिद्ध होत नाही. त्यांच्या मुलाच्या इजेला दोन वर्षे झाली आहेत. आठ लाखांत त्याला या चाचणीतले काहीही मिळणार नव्हते.

आता नाळेच्या रक्ताविषयी. बाळाला पुढे थॅलेसेमियासारखा आनुवंशिक आजार निघाला, तर त्याच्याच नाळेच्या रक्तात तोच दोष असतो. मग ते त्याला कसे उपयोगी पडणार? आयुर्विज्ञान परिषदही स्वतःसाठी असे रक्त साठवण्याची शिफारस करीत नाही. मोठ्या भावंडाला असा आजार असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा जरूर सल्ला घ्यावा.

वाचकांनी असा उपचार कोणी सुचवल्यास पुढील प्रश्न विचारावेत.

1. ही चाचणी आहे की मान्य उपचार? चाचणी असेल तर सरकारी नोंदणी क्रमांक काय? आणि नुसती नोंदणी म्हणजे गुणाची हमी नव्हे.

2. चाचणी असेल तर पैसे कशाचे?

3. अपाय झाल्यास जबाबदारी कोणाची, हे लिहून द्याल काय?

4. एकच इंजेक्शन मणका, मधुमेह, गुडघे आणि स्वमग्नता या सगळ्यांवर चालते काय? 'हो' म्हटले तर तेथून उठावे.

थॅलेसेमियाच्या मुलांच्या पालकांनी मात्र मागे राहू नये. मज्जा प्रत्यारोपणासाठी 'थॅलेसेमिया बाल सेवा योजना' 2017 पासून आहे, तिची चौकशी मोठ्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात करावी.

ते शेतकरी निघताना म्हणाले, "म्हणजे काहीच करायचं नाही?" मी म्हटले, "करायचं खूप आहे." मुलाच्या पाठीवर जखम झाली होती, ती आधी भरून काढायला हवी होती. दर दोन तासांनी कूस बदलणे, लघवीच्या नळीची स्वच्छता, हातांची ताकद वाढवणारा व्यायाम आणि चांगली चाकाची खुर्ची, हे त्यांना कोणी नीट सांगितलेच नव्हते. गेल्या सोमवारी मुलगा स्वतः खुर्चीत बसून तपासणीला आला. जखम भरत आली आहे. तो आता गावात मोबाईल दुरुस्तीचे काम शिकायचे म्हणतो. दोन एकर अजून त्यांच्याच नावावर आहे.