पाच रुपयांचे भांडण आणि तत्त्वांचे

लोणावळ्याच्या अलीकडे बोरघाटात मोटारीतला रेडिओ खरखरू लागतो. मुंबईची केंद्रे विरत जातात आणि पुण्याची ऐकू येऊ लागतात. दोन्हीकडे गाणी, जाहिराती आणि अखंड बडबड असते. राजकारण मात्र नसते. खाजगी एफ. एम. केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास आपल्याकडे परवानगी नाही. 2011च्या धोरणाने आकाशवाणीची वार्तापत्रे जशीच्या तशी ऐकवण्याची मुभा दिली, तेवढीच. त्यामुळे 'एअर अमेरिका'सारखे प्रकरण आपल्याकडे घडणेच शक्य नव्हते, असे वाटू शकते.

उजव्या वक्त्यांनी व्यापलेल्या अमेरिकन रेडिओवर उदारमतवादी आवाज उठवण्यासाठी हे जाळे 31 मार्च 2004 रोजी सुरू झाले. अल फ्रँकेनसारखी नामवंत मंडळी त्यात होती. दोनच आठवड्यांत देण्याघेण्याच्या वादातून शिकागो आणि लॉस एंजेलिसमधले प्रक्षेपण बंद पडले. मुलांसाठी काम करणाऱ्या न्यूयॉर्कमधल्या एका संस्थेचे 8 लाख 75 हजार डॉलर या उद्योगाकडे वळवल्याचे पुढे उघड झाले. 2006त दिवाळखोरीचा अर्ज आणि जानेवारी 2010मध्ये अखेर. मधल्या काळात मालक बदलले आणि निवेदक रुसून गेले. विरोधकांना फारसे काही करावेच लागले नाही.

आपल्याकडे हे घडले ते छापखान्यात, आणि कितीतरी आधी. 1881च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. 1882त कोल्हापूर प्रकरणी टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र काढले. पाच वर्षांनी, 1887च्या ऑक्टोबरात, आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले आणि 1888त त्यांनी 'सुधारक' काढला. आपल्या वर्गांतून हा इतिहास 'आधी राजकीय की आधी सामाजिक' या शीर्षकाखाली शिकवला जातो. प्रश्नपत्रिकेत तो दहा गुणांना येतो आणि विद्यार्थी दोन रकाने पाडून उत्तर लिहितात. हे उत्तर खोटे नाही, पण फार सोवळे आहे.

कारण याच मंडळींमध्ये त्याच वर्षांत दुसरे भांडण चालू होते, ते पगाराचे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी तुटपुंज्या वेतनावर सर्व वेळ संस्थेला द्यावा, बाहेरची मिळकत करू नये, हा टिळकांचा जेझुइटी बाणा. संसार असलेल्या माणसाला महिना पाच रुपये वाढवून मिळावेत, हे आगरकरांचे म्हणणे. शिवाय संपादक एका मताचा आणि पत्राचे धोरण ठरवणारे बहुमत दुसऱ्या मताचे, अशी 'केसरी'ची रचना होऊन बसली होती. रखमाबाईंच्या खटल्यासारखा विषय आला की ही रचना करकरू लागे. अशा व्यवस्थेत दोन अगदी शांत माणसेदेखील भांडली असती. आणि हे दोघे शांत नव्हतेच.

पुढे गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले तेव्हा ठिणगी पडली आणि 1890त टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. तो राजीनामा लांबलचक आहे. मराठीच्या विद्यार्थ्यांनी तो वाचावा असे मी आवर्जून म्हणेन. तत्त्व आणि तक्रार यांची वीण त्यात इतकी घट्ट आहे की कोणता धागा कशाचा हे सांगता येत नाही. 1891त छापखाना आणि पत्रे यांची वाटणी झाली; पत्रे टिळकांकडे आली, आणि त्यांच्याबरोबर कर्जही.

माझे मत विचाराल तर पगाराच्या वादात आगरकरांची बाजू खरी होती. दुसऱ्याच्या घरातल्या चुलीवर त्यागाचा नियम लादता येत नाही. पण पत्र चालवण्याचा, म्हणजे कर्ज अंगावर घेऊनही अंक वेळेवर काढण्याचा चिवटपणा टिळकांकडे होता. 'केसरी' टिकला तो केवळ अग्रलेखांवर नव्हे. मोठ्या माणसांच्या चरित्रात हिशेबाची वही शिरली की आपल्या समीक्षकांना विटाळ होतो. असो.

याच मावळात, तळेगावी, विजापूरकरांचे समर्थ विद्यालय 1910 साली सरकारने बंद पाडले. त्या घटनेविषयी आपण अभिमानाने बोलतो, कारण तिथे वैरी बाहेरचा होता. आतल्या वैराविषयी बोलताना जीभ जड होते. आणि तरी मराठी निबंधाच्या दृष्टीने पाहिले तर ही फूट तोट्याची झाली नाही. बहुमताचा धाक सुटल्यावर 'सुधारक'मधल्या आगरकरांची वाक्ये मोकळी आणि धारदार झाली आहेत. एअर अमेरिका फुटली तेव्हा तिच्यातून असा दुसरा आवाज निघाला नाही. कर्जदारांची यादी तेवढी निघाली.

17 जून 1895 रोजी आगरकर गेले, तेव्हा ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते. 'केसरी'त मृत्युलेख टिळकांनीच लिहिला.