कुत्र्याला ‘कुठलंही रक्त’ चालत नाही

पावसाळ्यात कोल्हापुरात गोचीड तापाची कुत्री दवाखान्यात येतात. हिरड्या पांढऱ्याफटक, उभंही राहवत नाही. मग व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरतो: ‘रक्त पाहिजे, कुठलाही तगडा कुत्रा चालेल.’

चालेल कसा? कुत्र्यांनाही रक्तगट असतात. त्यांतल्या सगळ्यात महत्त्वाच्या गटाविरुद्ध, म्हणजे डीईए १ विरुद्ध, कुत्र्याच्या अंगात सहसा आधीपासून अँटीबॉडी नसतात. म्हणून पहिली बाटली बहुधा निभावते, आणि तिथंच आपला गैरसमज पक्का होतो. न जुळणारं रक्त गेलं असेल तर काही दिवसांत अँटीबॉडी तयार होतात. पुन्हा तसलंच रक्त दिलं की त्या दात्याच्या तांबड्या पेशींवर जाऊन चिकटतात, पेशी फुटतात, लघवी लालभडक होते. कुत्रं दगावूही शकतं. मांजराला तर दुसरी संधीही नाही: बी गटाच्या मांजराला ए गटाचं थोडंसं रक्तसुद्धा पहिल्याच वेळी जीवघेणं ठरतं.

माणसांत असं खपवून घ्याल? १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट दाखवून दिला. साध्या तपासणीत हे लोक ओ वाटतात, पण ओ रक्त त्यांना चालत नाही. ते पकडतं क्रॉसमॅच.

‘जनावराला कशाला एवढं?’ हे मला पटत नाही. क्रॉसमॅचला दोघांचं थोडंसं रक्तच लागतं. दात्यालाही गोचीड ताप नाही ना, तेही तपासून घ्या. आणि पूर्वी रक्त दिलं असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका, स्वतः सांगा.