कृष्णेच्या कांठीं चार घटका

परीक्षा जवळ आली कीं घरांतील वारें बदलतें. मुलगा पुस्तक मिटून बाहेर निघाला, कीं "कोठें निघालास?" हा प्रश्न ओटीवरून येतोच. वडील मंडळींचा हेतु चांगला असतो. पण ज्या बुद्धीकडून दिवसभर काम घ्यावयाचें, तिला तासभर विसांवा देणें हा आळस नव्हे, ती अभ्यासाचीच तयारी होय. हा विसांवा हल्लीं बहुधा मोबाईलवर शोधला जातो, आणि शिणलेले डोळे त्यानें अधिकच शिणतात. नाहीं तर उपाहारगृह गांठावें लागतें. तेथें बसण्याचेहि पैसे पडतात.

ज्या गांवाला नदी आहे, तेथील विद्यार्थ्यांस यांपैकीं कशाचीच गरज नाहीं. सांगलीचेंच उदाहरण घ्या. १९१९ सालीं विलिंग्डन महाविद्यालय निघालें आणि १९४७ सालीं, आज वालचंद म्हणून ओळखलें जाणारें अभियांत्रिकी महाविद्यालय. परगांवचीं कितीतरी मुलें येथें खोली घेऊन शिकतात. त्यांच्या हातीं पैसा बेताचाच असतो. पण कृष्णामाई कोणाकडे तिकीट मागत नाहीं.

पहांटे आयर्विन पुलावर फेरी मारावी. हा पूल १९२९ सालचा. पुराचें पाणी येथेंच मोजतात : ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. २०१९ सालीं पाणी ५७ फुटांच्याहि वर गेलें होतें. कोणती खूण कोठें येते, हें पाहतां पाहतां भूगोलाचा एक धडा सहज होतो. शिवाय सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला, कीं रात्रीं झोंप वेळेवर येते. जागरणें करणारांनीं हें अवश्य करून पाहावें.

पक्षी पाहावयाचे असतील, तर एक वही व पेन्सिल पुरे. खंड्या, पाणकावळा, बगळा हे नेहमींचे. हिंवाळ्यांत धोबी पाहुणा येतो. कोण कोठें बसला, काय खात होता, एवढेंच टिपावें. महिनाभरांत नजर स्थिर होते आणि मनहि.

संध्याकाळीं हरिपूरपर्यंत पायीं जावें. तासाभराच्या वाटेवर कृष्णा आणि वारणा यांचा संगम आहे. संगमेश्वराजवळ पाण्याकडे पाहत मुकाट्यानें बसणें, हाहि एक उद्योगच समजावा.

'संगीत शारदा' (१८९९) लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल याच हरिपूरचे. मुलीच्या मनाला कोणी विचारीत नाहीं, हें दुःख त्यांनीं रंगभूमीवर मांडलें. त्या गांवची वाट मुलाला मोकळी आणि मुलीला बंद असावी, हें बरें दिसत नाहीं. परीक्षा तिलाहि आहे. वर घरांतील चार कामेंहि तिच्याच वांट्याला येतात. काळजी वाटत असेल, तर वाट अडवूं नये, सोबत द्यावी. मैत्रिणी असतील, काकू असतील. आणि आजीलाहि देवदर्शन घडेल.

मात्र एका बाबतींत वडिलांचा धाक असलाच पाहिजे. सांगलीच्या परिसरांत कृष्णेंत मगरी आहेत, आणि त्यांनीं माणसांवर हल्ले केल्याच्या घटना घडल्या आहेत. पोहण्याची हौस जाणत्यांस विचारल्यावांचून, एकट्यानें किंवा पावसाळ्यांत कधींहि करूं नये. पाण्याच्या अगदीं कडेला न बसतां वरच्या पायरीवर बसावें. दिवेलागणीच्या आंत घरीं परतावें.

आणि मूल परत आलें, कीं "किती वेळ वायां घालवलास?" असें विचारूं नये. "आज कोणता पक्षी दिसला?" असें विचारावें. ज्या मुलाचा जीव अभ्यासानें खरोखर गुदमरलेला असतो, तें आपण होऊन क्वचितच बोलतें. अशा एखाद्या साध्या प्रश्नावर मात्र पुष्कळदां बोलूं लागतें.